महाविद्यालयाचा पहिला दिवस कोणासाठी?

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि त्यानंतरचे सहा-सात आठवडे भिवंडीतील हजारो घरांत एकच विषय चघळला जातो. विद्यापीठाच्या पोर्टलवरील पूर्वनोंदणी, महाविद्यालयाचा अर्ज, पहिली गुणवत्ता यादी, दुसरी, तिसरी. मग शुल्क, छायाप्रती, पासपोर्ट आकाराची छायाचित्रे. एवढे सारे पार पडले की घरातील मोठी माणसे सुटकेचा नि:श्वास टाकतात. 'ॲडमिशन झाले' म्हणजे प्रश्न सुटला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. वास्तविक प्रश्न तेथूनच सुरू होतो आणि त्याची पहिली खूण दिसते ती महाविद्यालयाने आयोजित केलेल्या स्वागत समारंभात.

हा समारंभ कसा असतो, हे महाराष्ट्रातील कोणत्याही पदवी महाविद्यालयात शिकलेल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, संस्थेच्या इतिहासाचा आढावा, प्राचार्यांचे मार्गदर्शन, निरनिराळ्या समित्यांच्या प्रमुखांची उभे राहून करून दिलेली ओळख आणि शेवटी आभारप्रदर्शन. दोन-अडीच तासांत सभागृह रिकामे होते. बाहेर पडणाऱ्या मुलांना विचारले, की अंतर्गत परीक्षा कधी आहे, हजेरी किती लागते, 'मायनर' विषय बदलता येतो का, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे भरायचा, तर दहापैकी एखाद-दुसराच काही सांगू शकेल. उरलेले एकमेकांकडे पाहतील. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना कोणी ते सांगितलेलेच नसते. सांगितले असले तर ज्या भाषेत सांगितले ती त्यांची नसते.

या समारंभाकडे उपचार म्हणून पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की तो महाविद्यालयाने दाखविलेला सौजन्याचा भाग आहे, असेच सर्वांना वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २००९ मध्ये रॅगिंगविरोधी विनियम लागू केले. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील टांडा येथील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने राघवन समितीच्या शिफारशींची अंमलबजावणी करण्याचे कठोर निर्देश दिले. त्यातून हे विनियम आले. त्यांचे नाव घेतले की सर्वांना फक्त शिक्षेची कलमे आठवतात. परंतु त्यांचा मोठा भाग प्रतिबंधाचा आहे आणि त्यात नवागतांच्या पहिल्या काही आठवड्यांचे बारकाईने नियोजन केलेले आहे. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हाती छापील पत्रक पडले पाहिजे. अडचण आल्यास कोणाकडे जायचे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक, महाविद्यालयाचे नियम आणि वर्षाचे वेळापत्रक त्यात असावे. नव्या विद्यार्थ्यांचे लहान गट करून प्रत्येक गट एका प्राध्यापकाकडे सोपवावा आणि त्या प्राध्यापकाने गटातील प्रत्येकाशी रोज बोलून त्याच्या अडचणी समजून घ्याव्यात. सहा नवागतांमागे एक वरिष्ठ विद्यार्थी-मार्गदर्शक असावा. नवे आणि जुने यांचा एकत्रित उद्बोधन कार्यक्रम व्हावा व त्याला संस्थाप्रमुखाने संबोधित करावे.

याचा अर्थ असा, की उद्बोधन ही विद्यार्थ्याला दिलेली भेट नसून त्याचा हक्क आहे. महाराष्ट्राने तर त्याही आधी, १९९९ मध्ये, रॅगिंग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, शिवाय दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकल्यावर पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. असा कायदा असलेल्या राज्यात मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी, वरिष्ठांकडून जातीवरून छळ होत असल्याच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर, आत्महत्या केली. कायदा पुस्तकात असणे आणि पहिल्या दिवशी तो विद्यार्थ्याच्या कानी पडणे यांत किती अंतर आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले. आज रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्याने व पालकाने ऑनलाइन भरायचे असते. बहुतेक वेळा ते सायबर कॅफेचा चालक भरतो, विद्यार्थी छापील प्रतीवर सही करतो आणि पालक अंगठा किंवा सही. आपण कशावर सही केली, हे दोघांनाही ठाऊक नसते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' या नावाने नवागतांच्या उद्बोधनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीसाठी तीन आठवड्यांचा असाच कार्यक्रम त्याआधीच, २०१७-१८ पासून, सुरू केला होता. नाव मोठे सूचक आहे. आपल्याकडे दीक्षान्त समारंभाला झगे, टोप्या, कुलपती, छायाचित्रकार सगळे असतात. आरंभाला मात्र एक ध्वनिक्षेपक आणि तोही मधूनच शिट्टी मारणारा. अमेरिकेत नवागतांना महाविद्यालयाची ओळख करून देणारे वर्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भरू लागले आणि पुढे काही ठिकाणी त्यांना परीक्षेच्या विषयासारखे गुणही मिळू लागले. आपण त्या वाटेवर दीडशे वर्षे जुन्या विद्यापीठांसह बरेच उशिरा निघालो. मार्गदर्शिकेत अपेक्षित आहे ते असे, की विद्यार्थ्याने संस्थेत रुळावे, शिक्षकांशी व वरिष्ठांशी त्याचे नाते जुळावे, नियम समजावेत आणि परिसराचा प्रत्यक्ष अनुभव मिळावा. कागदावर यात खोट काढण्यासारखे काही नाही. अडचण आहे ती वेळेची आणि माणसांची. अनेक अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षक वाहतात. तासाला मोजून मानधन मिळणाऱ्या शिक्षकाने दहा-पंधरा मुलांच्या गटाशी रोज बोलावे, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

भिवंडीत मात्र हा प्रश्न अन्य शहरांपेक्षा वेगळा आणि अधिक गंभीर आहे. २०११च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सात लाखांवर होती. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरण्या थंडावल्या आणि कापड विणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर येथील यंत्रमागांवर आले. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून कामगार आले, पिढ्यानपिढ्या विणकाम करणारे मोमीन व पद्मशाली समाज आधीपासून होतेच. आता मुंबई-नाशिक महामार्गालगत, मानकोली, राहनाळ, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामांचे साम्राज्य उभे राहिले आहे. परिणामी येथील पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मराठी माध्यमातून आलेला आगरी वा कुणबी घरातील मुलगा, उर्दू माध्यमातून आलेली मोमीन वस्तीतील मुलगी, हिंदी माध्यमाचा उत्तर भारतीय कामगाराचा मुलगा, पद्मानगरातील तेलुगू भाषक कुटुंबातला विद्यार्थी आणि तालुक्यातील पाड्यावरून आलेला आदिवासी विद्यार्थी एकाच बाकावर येतात. शाळेपर्यंत ही मुले बहुधा वेगवेगळ्या आवारांत वाढलेली असतात. एकमेकांच्या सणांची नावे त्यांना ठाऊक असतात, घरे ठाऊक नसतात.

येथे एका जुन्या प्रसंगाची आठवण होते. १९७० आणि १९८४ मध्ये भिवंडीने भीषण दंगली पाहिल्या. १९८८ पासून तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांचा प्रयोग केला. दोन्ही समाजांतील माणसे पोलिसांसमवेत नियमित बसू लागली, किरकोळ भांडणे तेथेच मिटू लागली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्या प्रयोगाचे गमक काय होते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण एक गोष्ट उघड आहे, की माणसांची ओळख संकटापूर्वी करून द्यावी लागते. पदवीच्या पहिल्या आठवड्यात सहा-सहांचे गट करताना हे शहर कोणत्या अनुभवातून गेले आहे, हे महाविद्यालयांनी विसरता कामा नये. हजेरीपटाच्या क्रमाने गट केले तर एकाच आडनावाची मुले एकत्र येतात. मिश्र गट करणे ही पाच मिनिटांची कारकुनी आहे आणि तिचा परिणाम तीन वर्षे टिकतो.

भाषेचा मुद्दा त्याहून तातडीचा. शास्त्र आणि वाणिज्य शाखांत अध्यापनाचे माध्यम इंग्रजी, दहावीपर्यंतचे शिक्षण उर्दू, मराठी वा हिंदी माध्यमातून झालेले. अकरावी-बारावीची दोन वर्षे हा बदल कसाबसा पेलत काढलेली. उद्बोधनाचे भाषण मात्र मराठीमिश्रित इंग्रजीत किंवा इंग्रजीमिश्रित मराठीत होते. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना सुचविले, की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. आपल्या विषयात ही मुभा आहे की नाही, हा भिवंडीतील नवागताचा पहिल्या दिवशीचा पहिला प्रश्न असायला हवा आणि महाविद्यालयाकडे त्याचे विषयनिहाय, नि:संदिग्ध उत्तर तयार असायला हवे. उत्तर नकारार्थी असले तरी चालेल. परीक्षेच्या आदल्या महिन्यात ते कळण्यापेक्षा जुलैत कळलेले बरे.

निवडीचे ओझे

उद्बोधन पूर्वीही हवे होते. पण आजवर ते नसल्याने फार बिघडत नव्हते, कारण विद्यार्थ्याला निवडायचे असे फारसे काही नव्हते. कला, वाणिज्य, विज्ञान. ठरलेले विषय, वार्षिक किंवा सत्र परीक्षा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही स्थिती पालटली आहे. राज्य सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अभ्यासक्रमाची चौकट ठरविणारा निर्णय काढला, स्वायत्त महाविद्यालयांत ती आधी लागू झाली आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही आली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली भिवंडीतील महाविद्यालये, मग ते पद्मश्री अण्णासाहेब जाधव भारतीय समाज उन्नती मंडळाचे बी. एन. एन. महाविद्यालय असो की कोकण मुस्लिम एज्युकेशन सोसायटीचे जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय, याच चौकटीत आहेत.

या चौकटीत विद्यार्थ्याला एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतील खुला वैकल्पिक विषय, व्यवसाय कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम आणि पुढे क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कार्यानुभव अशा अनेक खणांतून श्रेयांक जमवायचे असतात. वर्षाला चाळीस ते चव्वेचाळीस. व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला खुला विषय आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, हे अनेकांना वर्गात बसल्यावर कळते. कागदावर निवड अमर्याद. प्रत्यक्षात ज्या विषयाला शिक्षक उपलब्ध, तोच विषय 'निवडला' जातो. हे वास्तव पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगणारे प्राचार्य मला अधिक विश्वासार्ह वाटतात. मुलांना स्वप्न दाखवून फॉर्मवर आधीच छापलेला विषय देण्यापेक्षा ते बरे.

सर्वाधिक गैरसमज आहे तो मधूनच बाहेर पडण्याच्या तरतुदीबाबत. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स पदवी, एवढेच लक्षात राहते. पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला चार श्रेयांकांचा अतिरिक्त कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण करावी लागते, परत यायचे असेल तर तीन वर्षांच्या आत यावे लागते आणि एकूण शिक्षण सात वर्षांत संपवावे लागते, हा तपशील बहुतेकांपर्यंत पोहोचत नाही. ज्या शहरात गोदामात महिना पगाराची नोकरी बारावी झालेल्या मुलाला दार उघडून उभी असते, तेथे हा तपशील फार मोलाचा आहे. मधला रस्ता आहे एवढेच कळले, तर घर त्या रस्त्याकडे ढकलणार. तो रस्ता कोठे जातो आणि परतीचे दार कधी बंद होते, हेही त्याच दमात सांगायला हवे.

श्रेयांक जमा होतात ते शैक्षणिक श्रेयांक पेढीत. ही व्यवस्था जुलै २०२१ मध्ये सुरू झाली. तिचे खाते डिजिलॉकरमार्फत उघडते आणि त्यासाठी आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक लागतो. भिवंडीतील असंख्य घरांत तो क्रमांक वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा असतो आणि तो माणूस मागावर बारा तासांच्या पाळीवर असतो. सांकेतिक क्रमांक येतो तेव्हा तो उचलायला कोणी नसते. नावांच्या स्पेलिंगची गंमत तर निराळीच. आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे, बँकेत तिसरे. उर्दू, तेलुगू आणि हिंदी नावे इंग्रजीत उतरवताना प्रत्येक कारकुनाने आपली प्रतिभा वापरलेली. एक अक्षर चुकले की खाते जुळत नाही, शिष्यवृत्ती अडकते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे तीनही कागद शेजारी-शेजारी ठेवून तपासणे, एवढे एक काम महाविद्यालयांनी केले तरी पुढील तीन वर्षांतील कार्यालयासमोरच्या रांगा निम्म्याने कमी होतील, असे माझे अनुमान आहे.

पैशाचा हिशेब

शिष्यवृत्तीविषयी तर उद्बोधनात ठराविक एक वाक्य असते: 'गरजू विद्यार्थ्यांनी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा.' कोणी, कोणत्या योजनेत, कोणत्या दाखल्यासह, कोणत्या तारखेपर्यंत, हे पुढे नोटीस बोर्डावर. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार कार्यालयातून आणायचा, जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र वेगळे, नॉन-क्रीमिलेअर वेगळे, बँक खाते आधारशी जोडलेले हवे. परराज्यातून आलेल्या कुटुंबांकडे रहिवास सिद्ध करणारे कागदच अपुरे असतात. या प्रक्रियेला आठवडे लागतात, त्यामुळे जुलैत सुरुवात न करणारा विद्यार्थी मुदतीच्या शेवटच्या दिवशी हमखास अडकतो.

मुलींच्या शुल्कमाफीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ रोजी निर्णय काढून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. 'मुलींना उच्च शिक्षण मोफत' अशा मथळ्यांनी ही बातमी घरोघरी पोहोचली. परंतु ही सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. बी.ए. किंवा पारंपरिक बी.कॉम.ला प्रवेश घेतलेली मुलगी शुल्काची पावती हाती पडल्यावर गोंधळते. त्यातच २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यांना सामाईक प्रवेश परीक्षा लागू झाली आणि अनेक महाविद्यालयांनी जवळपास तोच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या नव्या नावाखाली परीक्षेविना सुरू ठेवला. दोन्हींची नावे जवळजवळ सारखी, शुल्कमाफीच्या दृष्टीने परिणाम मात्र वेगळा. अठरा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या यंत्रमाग कामगार वडिलांना हा फरक कोणी समजावून सांगायचा? प्रवेशाआधी समजला नाही, तर निदान उद्बोधनात समजावा, कारण प्रवेश रद्द करून शुल्क परत मिळविण्याची मुदत तोवर संपलेली नसते. मूळ गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला यांसारखी प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, हेही विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्येच अधिसूचित केले आहे. ही माहिती महाविद्यालय स्वत:हून देईल, अशी अपेक्षा अर्थातच भाबडी आहे.

मुलींचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. भिवंडीत मुली शिकत आहेत, मोठ्या संख्येने शिकत आहेत आणि मोमीन महिला महाविद्यालयासारख्या संस्थांचा त्यात वाटा आहे. या मुलींच्या घरी पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा नसतो. येण्या-जाण्याचा आणि सुरक्षिततेचा असतो. वंजारपट्टी नाका, कल्याण नाका, अंजूरफाटा येथील कोंडीत अर्धा-पाऊण तास अडकलेली रिक्षा हा रोजचा अनुभव. तास किती वाजता सुटणार, प्रात्यक्षिके सायंकाळी किती वाजेपर्यंत चालणार, हे आईला आधी कळले तर निम्मा विरोध मावळतो. २०१३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेली लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षा, तक्रार कशी करायची हे आईसमोर सांगितले गेले, तर उरलेला विरोध कमी होईल. सबब, पालकांचे सत्र सकाळी अकराला नव्हे, तर पाळी बदलण्याच्या वेळेनंतर ठेवावे, ही साधी सूचना. मागावर काम करणारा माणूस दिवसाचा रोज बुडवून दीपप्रज्वलन पाहायला येणार नाही.

हजेरी, निकाल आणि तक्रार

पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा मुंबई विद्यापीठाचा नियम सर्वांना तोंडपाठ असतो आणि कोणी तो गांभीर्याने घेत नाही, जोवर परीक्षेपूर्वी 'डिफॉल्टर' यादी लागत नाही. भिवंडीत रात्रपाळीत गोदामात काम करून सकाळी वर्गात येणारी मुले आहेत. आजारपण वा अन्य सबळ कारणासाठी सवलत कशी मागायची, अर्ज कधी द्यायचा, हे त्यांना जुलैत सांगायला हवे. फेब्रुवारीत वैद्यकीय प्रमाणपत्रांचा बाजार भरल्यावर नव्हे.

निकालाबाबतही तेच. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे संगणकीय मूल्यांकन घाईने सुरू केले, निकाल कित्येक महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या वर्षीच्या अनेक मुलांचे पुढील प्रवेश आणि नोकऱ्या हुकल्या. तेव्हापासून निकालाची व्यवस्था सुधारली असेल. पण उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन, त्यांच्या मुदती ही माहिती अजूनही वरिष्ठ विद्यार्थ्यांच्या तोंडूनच मिळते. २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल अनिवार्य केला आहे. समितीने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान न झाल्यास विद्यार्थ्याने लोकपालाकडे जायचे. या समितीचे अध्यक्ष कोण, हे आपल्या महाविद्यालयात विचारून पाहावे. उत्तर मिळायला किती वेळ लागतो, त्यावरून बरेच काही कळते.

मग नवागताने पहिल्या दिवशी कशाची अपेक्षा ठेवावी? भाषणे होतील, ती ऐकावीत. त्यातील प्राचार्यांचे भाषण बहुधा कामाचे असते, कारण संस्थेला कशाची धास्ती वाटते ते त्यातून समजते. राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, आजीवन अध्ययन व विस्तार विभाग यांची नोंदणी त्याच आठवड्यात असते आणि जागा मर्यादित असतात. सेवा योजनेत वर्षाला एकशे वीस तास आणि एक सात दिवसांचे निवासी शिबिर असते, हे माहीत असावे. घरच्या कामातून किंवा नोकरीतून तेवढा वेळ निघतो का, याचा विचार करून नाव द्यावे. ग्रंथालयाचे कार्ड पहिल्याच दिवशी करून घ्यावे. घरात मागाची खडखड आणि एका खोलीत सहा माणसे असताना वाचनकक्ष हीच अभ्यासाची एकमेव जागा असते. तो किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे विचारायला लाजू नये. विभागाच्या वरिष्ठांचा व्हॉट्सॲप गट असतो, त्यात शिरावे. परंतु तेथे आलेली प्रत्येक सूचना खरी मानू नये. एकाचा नाव-क्रमांक मात्र जरूर लिहून घ्यावा: आपला गट ज्या शिक्षकाकडे दिला आहे त्यांचा. असा गटच केला नसेल, तर तो २००९ पासून करायचा आहे, हे नम्रपणे विचारण्याचा अधिकार विद्यार्थ्याला आहे.

येथपर्यंतची सारी चर्चा पहिल्या दिवशी हजर असलेल्यांची झाली. परंतु प्रवेश एका दिवशी संपत नाहीत. तिसऱ्या यादीनंतर रिक्त जागांवर येणारे असतात, शाखा बदलून येणारे असतात आणि बारावीच्या पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण होऊन वर्ग सुरू झाल्यानंतर येणारे असतात. या शेवटच्या गटात घरी आर्थिक ओढाताण असलेली, एखादा विषय राहिलेली, शिक्षण सोडण्याच्या उंबरठ्यावरून परतलेली मुले अधिक. त्यांचे स्वागत कार्यालयातील खिडकीवर होते. विषयांची निवड तोवर आटोपलेली असते, गट ठरलेले असतात, पहिल्या अंतर्गत परीक्षेचे वेळापत्रक लागलेले असते. उरलेला विषय त्यांना मिळतो. त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा, अर्ध्या दिवसाचा का होईना, उद्बोधन वर्ग भरविण्याची पद्धत फारच थोड्या महाविद्यालयांत आहे. सत्काराच्या शाली त्या दिवसासाठी लागणार नाहीत. एक वर्ग, एक शिक्षक, छापील पत्रकाच्या उरलेल्या प्रती आणि मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगूत समजावून सांगू शकतील असे दुसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी, एवढे पुरेल.